बालगंधर्व रंगमंदिर: पालिकेचा पैसा पाडकामावर की देखभालीवर?

मुठाकाठ
पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथं मोठं संकुल बांधायचा विषय 2018 मध्ये निघाला. 2022 मध्ये त्याच्या आराखड्याचं सादरीकरण झालं: एकाऐवजी तीन नाट्यगृहं, कलादालनं, मोठा वाहनतळ. विषय मधूनमधून थंडावतो, पण संपत नाही. नाटकावर पालिकेनं पैसा खर्च करावाच, अशा मताचा मी आहे. म्हणूनच या पाडकामाला माझा विरोध आहे.

पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. अर्ध्या पेठा चिखलात होत्या. त्यानंतर सव्वा वर्षात, ऑक्टोबर 1962 मध्ये, याच नदीच्या काठी रंगमंदिराची पायाभरणी झाली, तीही खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांनी उद्घाटन केलं. तो सोहळा पाहायला नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, राहिले नव्हते, आदल्या वर्षीच ते गेले. पुरातून सावरणाऱ्या शहराला नाट्यगृह ही चैन वाटली नव्हती. त्या लोकांनी मागे ठेवलेली वास्तू नीट झाडायची-पुसायची नाही आणि मग खराब झाली म्हणून पाडायची, हे मला पटत नाही. डास, बंद पडणारं वातानुकूलन, स्वच्छतागृहं यांबद्दल कलाकार कित्येकदा जाहीर बोलले आहेत. यातल्या कुठल्या तक्रारीला इमारत पाडणं हा उपाय आहे?

हिशेबनीस
पानशेतचा दाखला भावनेला हात घालतो, पण तेव्हाचं पुणे केवढं होतं? 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली. तिथल्या सोसायट्या आजही टँकरवर जगतात आणि मिळकतकर भरतात. महापालिका अधिनियमात पाणी आणि सांडपाणी ही अनिवार्य कामं आहेत. नाट्यगृह ऐच्छिक कामांत येतं. मला नाटक आवडतं, पण माझ्या आवडीचं तिकीट टँकरवाल्या घरानं का काढायचं? जागा मोक्याची आहे. काही भाग व्यापारी वापराला द्या, त्या उत्पन्नातून नाट्यगृह चालवा. करदात्यावर बोजा नको.

विंगेतली
हिशेबनीस, बोजा नको म्हणजे भाडं वाढणार ना? भाडं वाढलं की निर्माता आधी माणसं कमी करतो. नेपथ्य लावणारे, इस्त्रीवाले, प्रकाशयोजनेचे मदतनीस यांचा हिशेब प्रयोगावर असतो. प्रयोग नाही तर पैसा नाही. या रंगमंचावर नाटकांइतकेच लावणीचे आणि वाद्यवृंदांचेही प्रयोग होतात. त्या कलावंतांना शनिवार-रविवारची एक तारीख मिळाली तर महिन्याचा किराणा भरतो. बांधकामाची तीन-चार वर्षं आम्ही कुठं जायचं, याचं उत्तर मला कुठल्याही सादरीकरणात मिळालं नाही.

आणि व्यापारी भाग एकदा आला की संकुल त्याच्याच सोयीनं चालतं. आमचा नेपथ्याचा टेम्पो मागच्या दारी कधी लावायचा हे दुकानांच्या वेळेवर ठरेल.

कर्वेरोडकर
मी नव्या बांधणीच्या बाजूनं आहे, दुकानांच्या नव्हे. हजाराच्या आसपास खुर्च्या असलेलं एकच सभागृह आज किती प्रयोगांना भरतं? प्रायोगिक नाटकाला तीनशे खुर्च्या पुरतात, पण त्यांनाही अख्ख्या सभागृहाचं भाडं भरावं लागतं. म्हणून ते पालिकेच्या नाट्यगृहाकडे फिरकतच नाहीत. 1968 चं नियोजन त्या काळाचं होतं. जिना चढता येत नाही म्हणून नाटक सोडलेले कितीतरी ज्येष्ठ माझ्या ओळखीत आहेत. आपण वास्तूबद्दल हळवे होतो आणि तिथं येऊ न शकणाऱ्यांचा विचार करत नाही.

मुठाकाठ
लहान नाट्यगृह हवंच. पण ते जंगली महाराज रस्त्यावरच का? टिळक स्मारक, भरत नाट्य, यशवंतराव चव्हाण ही नाट्यगृहं शहराच्या याच बाजूला. हडपसर-मांजरीच्या माणसानं बहुतेक नाटकांना एवढ्या लांब यायचं आणि रात्री बारानंतर परतायचं. तीनशे खुर्च्यांचं सभागृह तिकडे बांधा. म्हणजे हिशेबनीसांच्या कर भरणाऱ्या माणसालाही काही मिळेल. उद्वाहक आणि उतार आहे त्या इमारतीत बसवता येतात. ठाण्याचं गडकरी रंगायतन पालिकेचंच. ते न पाडता दुरुस्त झालं आणि 2025 मध्ये पुन्हा उघडलं.

रंकाळा
दुरुस्ती म्हटली की सगळं सुरक्षित, असं धरून चालू नका. आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलेलं, पुढं महापालिकेकडे आलं. नूतनीकरण झालेलं होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी माणसं भिंतीकडे बघून रडत होती. पाठोपाठ पुनर्बांधणीच्या निधीच्या घोषणा झाल्या. जळाल्यावर पैसा मिळतो. वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणा दर वर्षी तपासायला मात्र अंदाजपत्रकात कुणी भांडत नाही.

गोव्याची कला अकादमी बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची वास्तू, सरकारी नूतनीकरण चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याच नोव्हेंबरात ती उघडली, तरी ध्वनी आणि प्रकाशयंत्रणेवरून कलाकारांचा लढा चालूच राहिला. पाडा किंवा राखा, काम कुणाला दिलं आणि ते कुणी तपासलं हे विचारल्याशिवाय पैसा देऊ नका.

हिशेबनीस
रंकाळा, हे मला मान्य. मग जमाखर्च तरी उघडा करा. रंगमंदिराचं भाडं पालिकेच्या एकूण जमेत मिसळून जातं, त्यामुळे देखभालीला किती परत आलं हे नागरिकाला दिसत नाही.

मुठाकाठ
माझी मागणी तीच आहे. भाड्याचं उत्पन्न वेगळ्या खात्यात, त्यातून आधी त्याच वास्तूची देखभाल, आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल जाहीर. इमारत खरंच धोकादायक निघाली तर पाडण्यावर बोलू, पण आधी अहवाल. मार्च 2022 पासून कित्येक वर्षं पालिकेत प्रशासक होते, सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. असा निर्णय बंद दालनात होऊ नये.

हिशेबनीस
आणि त्या खात्यात तूट आली तर?

मुठाकाठ
पालिकेनं भरावी. बागेचं आणि वाचनालयाचं भरते तशीच.

विंगेतली
तूट कमी करायची असेल तर तारखांचं वाटप आधी सुधारा. ऐन रविवारची तारीख सभा-संमेलनासाठी काढून घेतली की तिकीटविक्री सुरू झालेला प्रयोग रद्द होतो, आणि आमचा त्या दिवसाचा पैसा बुडतो. हा नियम बदलायला एक वीटही हलवावी लागत नाही.