प्रतिसाद: झेड पुलावर कलादालन?
मुठा नदीवरच्या झेड पुलाच्या कठड्याला चित्रं लावली की नॉर्वेसारखं पुलावरचं कलादालन पुण्यातही होईल, ही वरची सूचना वाचून मजा वाटली. पण नॉर्वेतल्या किस्तेफोस संग्रहालयाचा 'द ट्विस्ट' म्हणजे चित्रं लावलेला पूल नव्हे. नदीवर आडवी टाकलेली ती 60 मीटर लांबीची इमारतच आहे. 2019 मध्ये खुली झाली, रचना बियार्के इंगेल्स ग्रुप या वास्तुरचनाकार संस्थेची. एक काठ सखल, दुसरा उंच, म्हणून ती मधोमध 90 अंशांत पिळली आहे. गंमत अशी, की बाहेरून वळणदार दिसणारं ते आवरण अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ पट्ट्यांचं आहे. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा किंचित सरकवलेली, हातात पसरलेल्या पत्त्यांसारखी.

या पिळाचा फायदा आत गेल्यावर कळतो. एका टोकाला भिंतभर काच (समोर लाकडाच्या लगद्याची जुनी गिरणी), तीच काच वळत वळत छताकडे जाते आणि दुसरं टोक बंद, अंधारं राहतं. म्हणजे उजेड सोसणारी शिल्पं इकडे, न सोसणारी कागदावरची कामं तिकडे.

आपल्या झेड पुलावर ऊन, पाऊस, धूळ तिन्ही मुबलक. जलरंगाचं चित्र एक पावसाळा काढणार नाही. जवळच्याच बुटक्या भिडे पुलाचं तर नावच नको, खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो स्वतःच पाण्याखाली! शिवाय संध्याकाळी झेड पुलावर टेकणाऱ्या जोडप्यांना चित्रं बघणारे काका-काकू कितपत चालतील, तेही विचारा. दगडाची, लोखंडाची शिल्पं ठेवायची तर जरूर ठेवा. चित्रांसाठी बालगंधर्वचं कलादालन तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.