बारा रॅटमध्ये ‘दारू की गोड पाणी’ प्रयोग बसेल का?

चेतापेशी_२३
स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या मार्कुस हेलिग यांच्या गटाचा ‘सायन्स’मधला २०१८चा शोधनिबंध एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आधाराला घेतेय. कळ दाबून २०% अल्कोहोल प्यायची सवय झालेल्या विस्टार जातीच्या रॅटना दुसऱ्या कळीवर सॅकरिनचं (कृत्रिम गोडीचं) पाणी मिळू लागलं की बहुतेक सगळे दारू सोडतात, मोजके सोडत नाहीत. न सोडणाऱ्यांच्या मध्यवर्ती अमिग्डालात (मेंदूतला भावनांशी निगडित भाग) गॅट-३ कमी निघाला; गॅट-३ म्हणजे गाबा हे चेतापेशींना शांत करणारं रसायन ओढून घेणारं प्रथिन. आम्हाला १२ नर रॅट मिळणार आहेत. दोन गट पाडून क्यूपीसीआरने (जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते किती कामाला लागलंय, हे मोजणारी पद्धत) गॅट-३ मोजायचा बेत आहे. १२ पुरतील का? २०% द्रावण नेमकं कसं करायचं? आणि गॅट-३ कमी असणं हे कारण की पिण्याचा परिणाम, हे कसं ओळखायचं?

आकडेमोड
नाही पुरणार. त्यांना पहिल्या ३२ रॅटमध्ये दारू न सोडणारे ४ मिळाले, पुढे एकूण ६२० मध्ये १५.२%. म्हणजे एक रॅट ‘दारूवाला’ नसण्याची शक्यता साधारण ०.८५. तिचा बारावा घात ०.१४, म्हणजे सातात एकदा तुमच्या हाती एकही लागणार नाही. एकच लागण्याची शक्यता ३०%. थोडक्यात ४४% वेळा एका गटात शून्य किंवा एक प्राणी. त्यावर दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट कसली? ४० घेतलेत तरी सरासरी ६, प्रत्यक्षात २ ते १० काहीही.

यावर हमखास काढली जाणारी पळवाट म्हणजे दारूच्या पसंतीनुसार लावलेली रॅटची यादी मधोमध कापून वरच्या सहांना दारूवाले म्हणायचं. ते कृपया नको. ते सहा बहुधा गोडघाशेच असतील, जरा कमी एवढंच. आणि एका दिवसाच्या निवडीवर शिक्का मारू नका; सलग काही सत्रांची सरासरी घ्या.

पिपेटवाली
२०० मिली अल्कोहोलमध्ये ८०० मिली पाणी ओतलं की एक लिटर होत नाही, मिसळताना घनफळ आटतं. एक लिटरच्या मोजफ्लास्कमध्ये २०० मिली ॲब्सोल्यूट (९५% असेल तर २१० मिली) घ्या, पाणी घाला, द्रावण कोमट होतं ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच खुणेपर्यंत भरा. डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून विषारी भेसळ केलेलं) स्पिरिट अजिबात नाही. महाराष्ट्रात असाल तर उत्पादन शुल्क खात्याची परवानगी आधी बघा, प्राण्यांच्या नैतिकता समितीइतकाच वेळ तीही खाते.

हिशोब: घनता ०.७८९, म्हणून १ मिलीत ०.१५८ ग्रॅम अल्कोहोल. एका दाबाला ०.१ मिली सोडलंत तर ४०० ग्रॅमच्या रॅटला सुमारे ०.०४ ग्रॅम/किलो. अर्ध्या तासात ०.५ ग्रॅम/किलो व्हायला १२-१३ वेळा मिळायला हवं. पण कळ दाबली म्हणजे प्यायला असं नाही. सत्र संपलं की वाटीत उरलेलं मोजा, नाहीतर सगळे आकडे फुगतील.

आणि साखर घालून हळूहळू सवय लावायची जुनी पद्धत इथे टाळाच. पुढे गोड चवच प्रतिस्पर्धी म्हणून उभी करायची आहे.

गाबावाला
कारण की परिणाम? त्या शोधनिबंधाचा कणा नेमका तिथेच आहे. सॅकरिन निवडणारे रॅट घेऊन विषाणूवाहकातून आखूड हेअरपिन आरएनए (ठरावीक जनुकाचं काम दाबणारा रेणू) मध्यवर्ती अमिग्डालात सोडला, गॅट-३ खाली आणला, आणि तेच रॅट दारूकडे वळले. नुसत्या क्यूपीसीआरने हे कधीच सिद्ध होणार नाही. गॅट-३ मुख्यतः ॲस्ट्रोसाइटवर (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर) असतो आणि बाहेर सांडलेला गाबा आत ओढतो; तो कमी पडला की गाबा रेंगाळतो आणि भोवतालच्या चेतापेशी जास्त शांत होतात.

एक शब्द जपून वापरा. त्यांना दिसली ती जनुकाची घटलेली अभिव्यक्ती. डीएनएचा क्रम बदललाय असा दावा त्यात नाही, त्यामुळे शीर्षकात ‘दारूचं जनुक’ नको. माणसांत ठळक परिणामाचे डीएनए-फरक सापडलेत ते एएलडीएच२ आणि एडीएच१बी या अल्कोहोल पचवणाऱ्या विकरांच्या जनुकांत. तिथे मामला अल्कोहोलपासून शरीरात बनणाऱ्या त्रासदायक ॲसिटाल्डिहाइडचा, अमिग्डालाचा नव्हे.

तरी क्यूपीसीआर करायचंच असेल तर शेवटच्या सत्रानंतर सगळ्यांना समान वेळ द्या, ताज्या दारूनेही अभिव्यक्ती हलते. मेंदूच्या कापातून नमुन्याचा पंच बारीक घ्या; अमिग्डालाचाच शेजारचा बेसोलॅटरल भाग आला की फरक पातळ होतो.

चेतापेशी_२३
मग १२ मध्ये करण्यासारखं काय उरतं? शस्त्रक्रियेची सोय नाही.

गाबावाला
बॅक्लोफेन हे औषध. गाबा-बी ग्राहीवरून (पेशीवरच्या गाबा ओळखणाऱ्या प्रथिनावरून) ते गाबा सुटणंच कमी करतं, म्हणून त्याच यंत्रणेला धरून आहे. प्रत्येक रॅटला सलाइन, १ आणि २ मिग्रॅ/किलो, पोटात, सत्राआधी ३० मिनिटं. क्रम लॅटिन चौकोनाने (प्रत्येक डोस प्रत्येक क्रमांकावर सारख्याच वेळा येईल असा), मध्ये किमान दोन दिवस मोकळे. १२ ला तीनने भाग जातो, सोयीचं. ३ मिग्रॅच्या पुढे रॅट सुस्तावतात आणि सगळंच कमी झालेलं दिसतं.

निवडीची चाचणी मात्र यात ठेवू नका. तुमचे बहुतेक रॅट दारूच्या कळीकडे फिरकणारच नाहीत, मग कमी काय होणार? दारूची कळ एकटी एका फेरीत, सॅकरिनची एकटी दुसऱ्या फेरीत. दोन्हीकडचे दाब सारखेच घटले तर ती गुंगी.

आकडेमोड
आणि विश्लेषण एकाच प्राण्याच्या पुनरावृत्त मोजमापांचं. १२ रॅट तीन डोस म्हणून ३६ नमुने लिहू नका, परीक्षक तिथेच पकडतील.