मदत हवी आहे: पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा सोबत असताना क्रूझसाठी कोणते जहाज निवडावे?

नमस्कार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन समुद्रसफर करावी, असे घरात ठरत आले आहे. सोबत पाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई असतील. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, तरीही या सफरीची सर्वांत जास्त हौस त्यांनाच आहे, कारण लहानपणी मालवणहून मुंबईला त्या बोटीनेच येत असत. जहाज निवडण्याबाबत अशा वयाच्या मुलांना नेलेल्या पालकांचा सल्ला मिळाला तर फार मदत होईल. आतापर्यंत मी जे वाचले आणि विचारून घेतले आहे ते खाली मांडते, म्हणजे पुढची चर्चा नेमकी करता येईल.

आमच्यासमोर मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मुंबईहूनच निघणारे, कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज. ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले, अनेक वर्षे रॉयल कॅरिबियन या अमेरिकी क्रूझ कंपनीकडे होते आणि सप्टेंबर २०२१ पासून भारतीय किनाऱ्यावर चालते. त्यावर गोव्याची दोन-तीन रात्रींची छोटी सफर करता येते, तसेच लक्षद्वीपची लांबची सफरही असते. दुसरा मार्ग म्हणजे विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून ‘गेंटिंग ड्रीम’, रॉयल कॅरिबियनचे एखादे जहाज किंवा डिस्नेचे ‘डिस्ने अॅडव्हेंचर’ घेणे. आकारात फार मोठा फरक आहे: ‘एम्प्रेस’ सुमारे ४८ हजार टनांचे, ‘गेंटिंग ड्रीम’ सुमारे दीड लाख टनांचे आणि ‘डिस्ने अॅडव्हेंचर’ सुमारे २ लाख ८ हजार टनांचे आहे. (इथे टन म्हणजे वजन नसून जहाजाच्या आतील जागेचे माप आहे, हे मला याच निमित्ताने कळले.)

माहितीपत्रकांतील घसरगुंड्या, पाण्याचे खेळ आणि कार्टूनमधली पात्रे पाहताना आपण नकळत मोठ्या मुलाच्या दृष्टीने जहाज निवडू लागतो. नियम बारकाईने वाचल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की आमच्या घरापुरते तरी जहाज धाकट्याकडे पाहूनच ठरवावे लागेल. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला जहाजावर घेतात आणि समुद्रात सलग बरेच दिवस असणाऱ्या सफरींसाठी ही मर्यादा एक वर्षाची असते. त्यामुळे प्रवेशाचा प्रश्न आम्हाला नाही. प्रश्न पुढे सुरू होतो. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने या दोन्हींच्या बालक्रीडा विभागात आई-वडिलांशिवाय मूल ठेवायचे असेल तर ते तीन वर्षे पूर्ण झालेले आणि डायपर सुटलेले असावे लागते. त्याहून लहान मुलांसाठी पाळणाघर असते, पण रॉयल कॅरिबियनच्या ते काही जहाजांवरच आहे, तासावर वेगळे पैसे पडतात आणि जागा मोजक्याच असल्यामुळे आधी नोंदणी करावी लागते. पोहण्याच्या तलावाचा नियम तर आणखी कडक आहे. डायपर लावलेल्या मुलाला, मग तो पाण्यात वापरायचा खास डायपर असला तरी, तलावात उतरू देत नाहीत. काही जहाजांवर अशा बाळांसाठी पाण्याच्या फवाऱ्यांची छोटी वेगळी जागा असते, तेवढीच त्यांच्या वाट्याला येते. म्हणजे मुलगी तीन तास खेळात रमली असताना मुलाला कडेवर घेऊन आमच्यापैकी एकाने सतत फिरत राहायचे, अशी सफर होण्याची शक्यता आहे. त्यासाठी सिंगापूरपर्यंतचा खर्च, मुलांचे पासपोर्ट, व्हिसा आणि रात्रीचे विमान हे सारे आत्ताच करावे का, असा माझा खरा प्रश्न आहे.

दुसरी काळजी बोट लागण्याची आहे. माळशेज घाटात मुलीला दर वेळी गाडी लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही, पण त्यापुढच्या वयात तो वाढतो, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. मोठ्यांच्या गोळ्या परस्पर देऊ नका, अशी ताकीदही त्यांनी दिली. विशेषतः प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मुलीसाठी योग्य औषध आणि त्याची मात्रा आम्ही त्यांच्याकडूनच लिहून घेणार आहोत.

जेवणाबाबत मला फारशी चिंता नाही, कारण कॉर्डेलिया आणि ‘गेंटिंग ड्रीम’ या दोन्हींवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. प्रश्न धाकट्याचा आहे. तो संध्याकाळी साडेसहाला मऊ वरणभात खातो, आणि काही जहाजांवर रात्रीचे जेवण त्या वेळी सुरूही झालेले नसते. बहुतेक जहाजांवर विजेची किटली किंवा छोटा कुकर नेता येत नाही, कारण तापणाऱ्या उपकरणांवर आगीच्या भीतीने बंदी असते. स्वयंपाकघराला सांगून वेळेआधी साधा भात आणि बिनतिखटाचे वरण कोणी मिळवले असेल, तर ते कसे सांगावे लागते, हे कृपया लिहावे.

शेवटचा मुद्दा केबिनचा. जहाजावर तान्हे मूलही एक प्रवासी म्हणून मोजले जाते, त्यामुळे चार जणांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण मावणार नाही. बाल्कनीची केबिन सासूबाईंना आवडेल, परंतु आमचा मुलगा हाताला येईल त्या खुर्चीवर चढतो, म्हणून माझे मन बाल्कनीला तयार होत नाही. मोठ्या बंद खिडकीची केबिन पुरेशी ठरते का?

आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

प्रतिसाद: नेरुळहून

नमस्कार ताई. आम्ही आमच्या दोन मुलांना घेऊन मुंबई-गोवा-मुंबई ही सफर केली आहे. तेव्हा मोठा चार वर्षांचा होता आणि धाकटी जेमतेम चालू लागली होती. माझा सल्ला स्पष्ट आहे: मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत सिंगापूरची मोठी जहाजे थांबवावीत आणि आत्ता गोव्याची छोटी सफर करावी. एवढ्या लहान मुलांना जहाज किती मोठे आहे याने फरक पडत नाही. आमच्या मुलीला लांबलचक गालिच्यावर पळायला मिळाले आणि लिफ्टचे बटण दाबायला मिळाले, यातच तिचा दिवस गेला. उलट लहान जहाजावर केबिन, जेवणाची जागा आणि डेक यांतले अंतर कमी असते, त्यामुळे दुपारी झोपेला आलेले मूल पाच मिनिटांत खोलीत पोहोचते. आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचे पडेल.

वरणभाताचे उत्तर असे. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दुपारी जेवणाच्या दालनातील व्यवस्थापकांना भेटून मुलाचे वय, जेवणाची वेळ आणि काय हवे ते सांगावे. नुसते वाढणाऱ्याला सांगितले तर पाळी बदलल्यावर निरोप पुढे जात नाही. आम्हाला साधा भात आणि फोडणी न दिलेली डाळ रोज वेळेआधी मिळाली. घरातून नाचणीसत्व नेले होते आणि गरम पाणी मागितल्यावर मिळत असे. घरी शिजवलेले पदार्थ मात्र नेऊ नयेत. बंद पाकिटातले बाळाचे खाणे चालते का, हे तिकीट काढतानाच लेखी विचारून घ्यावे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागले की बहुतेक प्रवासी उतरून जातात. आम्ही त्या दिवशी मुद्दाम जहाजावरच थांबलो. तलावाभोवती गर्दी नव्हती, वाद्यांचा आवाज नव्हता आणि मुले मोकळेपणाने खेळली. लक्षद्वीपची सफर आत्ता नको, असे मला वाटते. तिथे मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि लहान बोटीत उतरून बेटावर जावे लागते. हलत्या बोटीत कडेवर मूल घेऊन उतरणे आपल्याला जमेल, पण सासूबाईंना ते कठीण जाईल.

आणखी एक सुचवते. तिकीट काढण्याआधी एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट (गाड्याही नेणारी) घ्या. तासाभराचा प्रवास आहे, आणि मुलीला समुद्राचा त्रास होतो की नाही, हे थोडक्या पैशांत कळेल. घाटातली वळणे आणि समुद्राचे हेलकावे यांचा परिणाम प्रत्येक मुलावर सारखा होत नाही.

प्रतिसाद: वाशीहून

मी व्यापारी जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. प्रवासी जहाजांवर मी काम केलेले नाही, परंतु समुद्र सर्वांना एकच असतो, म्हणून चार गोष्टी लिहितो.

जहाजाच्या आधी महिना निवडावा. आपल्याकडचा अरबी समुद्र साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी शांत असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात लाटांची लांबी आणि उंची वाढू लागते आणि जून ते सप्टेंबर या काळात लहान मुलांना घेऊन मुंबईहून निघण्याचा विचारही करू नये. शाळेची सुट्टी मे महिन्यात असते म्हणून अनेक जण तेव्हाची तिकिटे काढतात. आपली मुलगी अजून लहान वर्गात आहे, तेव्हा जानेवारीत शाळेचे दोन दिवस बुडाले तरी चालतील. सिंगापूरच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा बेटाचा आडोसा असल्यामुळे तिथे वर्षातील बराच काळ पाणी संथ असते. वादळी पावसाच्या सरी येतात, पण त्या लवकर सरतात.

केबिन जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी. सीसॉची फळी वर-खाली होते तेव्हा मधल्या भागापेक्षा टोके जास्त हलतात, तसेच जहाजाचेही असते. आधुनिक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते जहाजाचे आडवे डोलणे बरेच कमी करतात, परंतु नाळ (जहाजाचे पुढचे टोक) आणि वरामा (मागचे टोक) आळीपाळीने वर-खाली होतात ती हालचाल त्यांना फारशी थांबवता येत नाही. म्हणून नाळेकडची केबिन स्वस्त मिळाली तरी आपण ती घेऊ नये. खालच्या मजल्यांवर बाल्कनी सहसा नसतेच, त्यामुळे आपला तो प्रश्नही आपोआप सुटेल. मुलीला मळमळ वाटू लागली तर तिला पुस्तक किंवा मोबाइल देऊ नये, उघड्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहायला लावावे.

सुरक्षेबाबत एक गोष्ट आवर्जून करावी. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटले तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. ती घाईने उरकू नये; मुलांसह पूर्ण करावी आणि आपले जमण्याचे ठिकाण सासूबाईंनाही पायी दाखवावे. जीवरक्षक जाकिटांचे वजनानुसार प्रकार असतात: १५ किलोखालच्या बाळांसाठी एक आणि १५ ते ४३ किलोच्या मुलांसाठी दुसरा. केबिनमधील कपाटात बहुधा मोठ्यांचीच जाकिटे असतात, तेव्हा पोहोचल्याबरोबर खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून मुलांची दोन्ही मागून घ्यावीत आणि एकदा घालून पाहावीत. मुलगी बालक्रीडा विभागात असताना भोंगा वाजला तर तिला कोण कुठे आणून देणार, हेही तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

जहाजावर डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ असतीलच असे नाही आणि तपासणीचे शुल्क वेगळे पडते. तापाचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे आणि थर्मामीटर हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण मोठे सामान केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागतात. डायपर आणि बदलायचे कपडेही त्याच पिशवीत असावेत. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसत्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

आपण दोघांनीही इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. घरात चर्चा करून आम्ही असे ठरवले आहे की सिंगापूरचा विचार मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर आणि त्याचे डायपर सुटल्यावर करायचा, आणि आत्ता जानेवारीत मुंबईहून गोव्याची सफर करायची. त्याआधी मांडव्याची फेरी होईल. सासूबाईंना मांडव्याचा बेत इतका आवडला आहे की त्या आतापासूनच रविवार मोजत आहेत.

आता एकच बाब अडली आहे. मध्यावरच्या, खालच्या मजल्यावरील खिडकीच्या दोन केबिन आम्हाला शेजारी-शेजारी हव्या आहेत, म्हणजे मुलगी आजीबरोबर झोपेल आणि धाकटा आमच्याजवळ राहील. प्रवास कंपनीचे प्रतिनिधी म्हणतात की केबिनचे क्रमांक तिकीट काढताना निवडता येतील, पण त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतील. ते न भरल्यास दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवरही येऊ शकतात. ज्यांनी ‘एम्प्रेस’वर दोन केबिन घेतल्या आहेत त्यांनी क्रमांक आधी निवडले होते का, दोन केबिनच्या मध्ये आतून उघडणारे दार मिळते का, आणि बाळासाठी पाळणा आधी मागून ठेवला तर तो खिडकीच्या केबिनमध्ये मावतो का, एवढे कृपया सांगावे.