टेस्ट कमी म्हणून लॅब टेक्निशियनचं पद काढायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्यांनी बोला

बावड्याचा_पाऊस
परवा एका ओळखीच्या माणसाशी वाद झाला. तो म्हणतो सरकारी लॅबमधली टेक्निशियनची पदं वर्षाला किती टेस्ट झाल्या त्यावर वाटा, काम जास्त तिथं माणूस जास्त, पीएचसीत (गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात) माश्या मारत बसणाऱ्याला पगार कशाला. ऐकायला बरोबर वाटतंय हो. पण जिथं टेक्निशियन आठवड्यातनं दोनच दिवस असतो, बाकीचे दिवस डेप्युटेशनवर दुसरीकडं, तिथं टेस्ट होणार कशा आणि आकडा येणार कुठनं? बाई वाडीवरनं वडापनं (शेअर जीपनं) अकराला दवाखान्यात पोचते, सिस्टर म्हणते आज लॅब बंद हाय, गुरुवारी या. गुरुवारी भात लावणीची मजुरी कोण बुडवतंय? ती एकतर कोल्हापुरात राजारामपुरीत खाजगीत पैसे मोजून येते नाहीतर टेस्टच करत नाही. आणि रजिस्टरला काय? शून्य. मग वर्षाच्या शेवटी म्हणायचं इथं मागणी नाही. नुसत्या सरकारला शिव्या नकोत, मुद्द्याचं बोला.

काचपट्टी
भावा, मी शहरात सरकारी लॅबमध्येच काम करतो. सोमवारी सकाळी येऊन बघ एकदा. ओपीडीची लाईन दारापर्यंत, वॉर्डातनं ट्यूबांचे ट्रे येतायत, आयसीयूतनं फोनवर फोन "पोटॅशियमचं काय झालं", आणि त्यात एक माणूस रजेवर. आम्ही पण माणसंच हाय. आकड्यावर वाटायचं म्हणजे डोळे झाकून भागाकार नव्हे. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) डब्ल्यूआयएसएन म्हणून पद्धत आहे, कामाच्या भारावरनं किती माणसं लागतात ते काढायची, 2010 ला तिचं सुधारित मॅन्युअल आलं. एका माणसाचे वर्षातले खरे कामाचे तास काढायचे (रविवार, सण, रजा, ट्रेनिंग वजा), एका टेस्टला नीट करायला किती मिनिटं लागतात ते धरायचं, वर्षाच्या टेस्टनी गुणायचं, क्यूसी (मशीन बरोबर रिझल्ट देतंय का ते तपासणं), रजिस्टर, मशीन धुणं याचा वेळ वेगळा घालायचा. मग आहेत ती माणसं भागिले लागणारी माणसं. एकपेक्षा खाली आलं की ताण. यात भावनेला जागा नाही, आणि तेच बरं आहे.

बावड्याचा_पाऊस
पद्धत चांगली आहे, पण गुणायला आकडा कुठला घेताय? गेल्या वर्षी झालेल्या टेस्टचा. म्हणजे झालेलं काम मोजलं, राहिलेलं कोण मोजणार? दुसरं, वर्षाचा हिशोब केला की गर्दीचे दिवस त्यात बुडून जातात. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, शुगर सगळं त्याच सकाळी. त्या दिवशी टेक्निशियन नसला तर अख्खा महिना गेला. आणि पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट एकदम येतात, फेब्रुवारीत येत नाहीत.

सम्राटनगरचा_सनी
तुमचं दोघांचं भांडण जुन्या काळातलं आहे राव. प्रत्येक पीएचसीत टेक्निशियन पाहिजेच कशाला? 2017 ला सरकारची महालॅब योजना सुरू झाली ती यासाठीच ना, सॅम्पल तिथं घ्यायचं, टेस्ट मोठ्या लॅबला. मशीन तासाला शेकड्यानं टेस्ट मारतं. गावाकडं रक्त काढणारा एक आणि बाईकवाला एक, बास.

काचपट्टी
सनी, इथं मी बावडेकरांच्या बाजूनं. रक्त म्हणजे पार्सल नव्हे मर्दा. शुगरचं रक्त साध्या ट्यूबमध्ये तसंच ठेवलं तर पेशी ग्लुकोज खात बसतात, तासाला 5 ते 7 टक्के कमी होतं. म्हणून फ्लोराईडची राखाडी टोपीची ट्यूब लागते, बाकी केमिस्ट्रीला वेळेत सेंट्रिफ्यूज करून (मशीनमध्ये गरगर फिरवून) सीरम वेगळं काढावं लागतं. घाईत चुकीच्या ट्यूबमध्ये भरलं की दुपारपर्यंत डायबेटिस असलेला माणूस कागदावर ठणठणीत. मलेरियाची स्लाईड, थुंकी तपासणी, हे तर तिथंच बघायचं काम. आणि केर्लीजवळ रस्त्यावर पुराचं पाणी आलं की शाहूवाडीचा बाईकवाला कुठनं येणार? 2019 चा महापूर विसरलास काय?

सम्राटनगरचा_सनी
महापूर रोज येत नाही. आणि ट्यूब कळायला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) लागत नाही, ट्रेनिंग लागतं.

डॉ_मिसळपाव
जनरल प्रॅक्टिस करते, थोडं कडू बोलू का. आकडा म्हणजे गरज नव्हे, दोन्ही बाजूनं. बावडेकर म्हणतात कमी दिसतो, खरंय. पण शहरात जास्त दिसतो ते? दोन दिवसाच्या तापाला लिव्हर, किडनी, थायरॉईड, सगळं प्रोफाईल लिहिणारे आहेत आमच्यात. वॉर्डात तेच सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) सकाळी आणि परत संध्याकाळी, कारण ड्युटीवरचा रेसिडेंट डॉक्टर बदलला. त्या टेस्टवर पदं मंजूर करायची आणि आजरा-चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यांना सांगायचं तुमचा वर्कलोड नाही, हा कुठला न्याय? आधी नको त्या टेस्ट कमी करा, मग काचपट्टींच्या लॅबमध्ये किती माणसं कमी पडतात ते मोजू. आणि आयपीएचएस 2022 ला (सरकारी दवाखान्यात काय काय असावं त्याचे केंद्राचे निकष) पीएचसीत 63 टेस्ट आणि उपकेंद्रात 14 लिहिल्यात. त्या लोकांच्या गरजेवरनं लिहिल्यात, मागच्या वर्षीच्या रजिस्टरवरनं नाही.

काचपट्टी
मॅडम, टेस्ट लिहितं कोण? तुम्ही डॉक्टर लोक. आम्ही ट्यूब आली की लावतो, नको म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. तुमची सवय सुधारेपर्यंत आम्ही डबल शिफ्ट मारायची काय?

डीएमएलटी_पोरगं
एक इचारू काय, कुणी रागवू नका. कागदावर पद कुठं पण टाका, कंत्राटावर 11 महिन्याची ऑर्डर, गावात राहायला खोली नाही, पगार कधी वेळेत न्हाई. माझ्या बॅचची निम्मी पोरं पुण्याला कॉर्पोरेट लॅबमध्ये गेली. आकड्यावर वाटा नाहीतर गावावर, येणार कोण?

बावड्याचा_पाऊस
हे बेस्ट बोललास. माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक पीएचसीला एक कायम माणूस धरून चला, टेस्ट कमी असल्या तरी. डब्ल्यूआयएसएन त्याच्यावरच्या जादा माणसांसाठी वापरा, मोठ्या हॉस्पिटलला. आणि लॅब बंद म्हणून परत पाठवलेल्या पेशंटची पण एक वही ठेवा, तो आकडा हिशोबात घ्या.

काचपट्टी
वहीची आयडिया चांगली आहे, पण ती लिहिणार कोण? टेक्निशियन नाही म्हणून तर परत पाठवताय.

बावड्याचा_पाऊस
सिस्टर लिहील.

सिस्टर_करवीर
सिस्टरकडं आधीच किती रजिस्टर हायत ते मोजा आणि मग बोला.