मदत हवी आहे: नाशिकमध्ये स्पावाली रूम घ्यावी का? उद्यापर्यंत ठरवायचंय

गंगापूररोडकर
नाशिकमधल्याच एका फाइव्ह स्टारमध्ये 'स्पा सूट' मिळतोय, रूममध्येच जकुझी, स्टीम आणि एक मसाज धरून. साइटवरचे रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलं, निम्मे लोक ब्रेकफास्टबद्दल लिहितात नि निम्मे पार्किंगबद्दल, बाथरूम आतून कशी आहे ते एकही जण लिहीत नाही. उद्या संध्याकाळनंतर रेट वाढणार आहे. सूट घ्यावा की साधी रूम घेऊन स्पा वेगळा घ्यावा? राहून आलेल्यांनीच सांगा प्लीज.

पंचवटीकर
कोणासाठी? किती जण, बजेट काय? काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं काय आम्ही?

द्राक्षबाग
शहरात नकाच घेऊ. गंगापूर धरणाकडे जा, बॅकवॉटर समोर, मोकळी हवा. आग्रा हायवेचे हॉर्न ऐकत कसला आलाय स्पा!

सिडकोवाली
@द्राक्षबाग त्यांनी शहरातलंच विचारलंय ना? मी गेल्या डिसेंबरात सासऱ्यांना घेऊन अशाच रूममध्ये राहिले होते (हॉटेल कुठलं ते सोडा). फोटोत टब झकास दिसतो, पण भरायला पाऊण तास लागला आणि नाशिकच्या त्या थंडीत वरपर्यंत भरेस्तोवर खालचं पाणी कोमट झालेलं. गरम पाणी सलग किती वेळ येतं ते आधी विचारा.

हिशोबी
रेट टॅक्स धरून आहे का बघा. एका रात्रीचं भाडं ७५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७५०० ची रूम ७८७५ ला पडते आणि ८००० ची थेट ९४४० ला.

गंगापूररोडकर
आई-बाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस आहे, दोघंच राहणार. बजेट १५ हजार. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय, आता चालते व्यवस्थित. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. बाकी काही नाही.

पंचवटीकर
अहो, बाकी काही नाही काय! हेच तर आधी सांगायचं!

सिडकोवाली
मग टबचा काठ किती उंच आहे ते विचाराच. आमच्याकडे तो गुडघ्याच्या वर येत होता, खाली ओला संगमरवर, आणि धरायला फक्त टॉवेलचा दांडा. सासऱ्यांनी एक पाय आत टाकला, दांडा धरला, तर तो भिंतीतून हलला. मी मागे उभी होते म्हणून सावरले. मसाज उत्तम होता, पण मला आजही तो दांडाच आठवतो.

रोजचा_व्यायाम
स्टीम आणि सौना एक नाही. सौनात कोरडी हवा, ७० ते ९० डिग्री. स्टीम ४५ च्या आसपास, पण हवा वाफेने भरलेली, घाम वाळतच नाही. जकुझीचं पाणी ४० च्या वर नको. बीपीची गोळी घेणाऱ्याला उष्णतेतून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना आत बसवू नका.

द्राक्षबाग
म्हणूनच म्हणतो, धरणावर जा. टबबिब काही नको, नुसतं पाण्याकडे बघत बसतील दोघं.

सिडकोवाली
आणि खोलीपर्यंतच्या पायऱ्या कोण चढणार तिकडे?

भूक_लागली
सकाळी हॉटेलच्या ब्रेकफास्टऐवजी मिसळ खायला न्या त्यांना. कोणाची चांगली ते मी सांगतो.

गंगापूररोडकर
हॉटेलला फोन केला. टबचा काठ मोजून सांगा म्हटलं तर तो मुलगा खरंच टेप घेऊन वर गेला, २३ इंच निघाला. धरायला काही नाही. सूट रद्द. साधी रूम घेतली, पायरी नसलेला शॉवर आहे, आत बसायला स्टूल ठेवायला सांगितलंय. मसाज आईच्या सर्जनला विचारून वेगळा घेईन. सिडकोवाली, तुमचे खूप आभार, मला हे सुचलंच नसतं. एकच राहिलं, दोघांना सरप्राइज द्यायचंय, चेक-इनला दोघांचं आधार लागेल का?

हिशोबी
ओळखपत्र लागेल, दोघांचंही. आधारच हवं असं नाही, फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्रही चालतं. आईंच्या पर्समधून आजच काढून ठेवा.