मुंबईचे रोजचे जीवन दोन दिवसांत, वयस्कर माणसाला सोबत घेऊन कसे पाहावे?

धुऱ्यावरचा (दारव्हा तालुका, यवतमाळ)

माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे असून त्यांनी आयुष्यभर कापूस पिकवला. बंडीत भरलेला कापूस जिनिंगला नेणे, सरकी वेगळी होऊन त्याच्या गाठी बांधल्या जाणे आणि त्या गाठी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरकडे निघणे, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे त्यांचे काय होते असे विचारले, की मोठी माणसे ‘मुंबईला जातात’ एवढेच सांगत. ती मुंबई त्यांना आता पाहायची आहे. शेवटची वेचणी आटोपली की फेब्रुवारीच्या अखेरीस बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने निघण्याचा विचार आहे आणि हाती पूर्ण दोन दिवस आहेत.

गावातले जाणकार गेटवे, राणीचा बाग आणि चौपाटी अशी यादी देतात. बाबांचे म्हणणे निराळे आहे. इमारती पाहून काय करायचे, तिथली माणसे दिवसभर काय करतात ते दाखव, असे ते म्हणतात. त्यांचे गुडघे फार चालू देत नाहीत. तेव्हा कोणत्या जागी, कोणत्या वेळेला थांबावे, लोकलने जाणे त्यांना झेपेल का आणि गिरण्यांचे काही शिल्लक आहे का, हे माहीतगारांनी सांगावे.

परळात बारा वर्षे (मूळ आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, बाबांना आधी कॉटन ग्रीनला न्या. सीएसएमटीहून हार्बर मार्गाची लोकल धरली की मशीद, सॅन्डहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार पूर्वी कोटात, म्हणजे फोर्ट भागात, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथल्या मोकळ्या मैदानात भरत असे आणि त्या मैदानाला इंग्रज ‘ग्रीन’ म्हणत. बाजार पुढे कुलाब्याला आणि विसाव्या शतकात शिवडीच्या बाजूला हलला. मैदान मागे राहिले, नाव मात्र बाजारासोबत फिरत राहिले. आज तिथे जुनी गोदामे आहेत आणि वर्दळ फारशी नाही. अर्धा तास पुरेल, पण आपल्या गाठी कुठे उतरत होत्या याचे उत्तर त्यांना तिथे मिळेल.

तिथून टॅक्सीने लालबागला जा. मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली ताडदेवला उभी राहू लागली आणि पुढे लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या असून काही ठिकाणी चिमणी तेवढी उभी दिसते. म्हणून चालू गिरणी पाहण्याची आशा ठेवू नका. गिरणीने लावलेले जगणे मात्र अजून दिसते, आणि बाबांना पाहायचे आहे ते तेच आहे असे मला वाटते.

जुन्या चाळीत लांबच लांब सामाईक गॅलरी असते. तिथे कपडे वाळतात, पोरे अभ्यास करतात, भांडणे होतात आणि मिटतातही. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकाच खोलीत अनेक जण राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर झोपायला येई. घरचे गावाकडे असल्याने त्यांचे जेवण खानावळीत असे आणि त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. मी स्वतः अशाच एका खानावळीत चार वर्षे जेवलो. आमटी गोड असायची, ही माझी एकच तक्रार.

फेब्रुवारीअखेर जात आहात तर लालबागची मिरची गल्ली चुकवू नका. वर्षाचा मसाला करण्याचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो. बेडगी, काश्मिरी, शंकेश्वरी अशा मिरच्यांचे ढीग लागलेले असतात, बायका देठ मोडून, हातावर घासून रंग पाहतात, भाव करतात आणि तिथेच भाजून-कुटून घेतात. आपल्याकडे कांडपावर लागतो तसाच ठसका लागेल. बाबांना एखाद्या दुकानाच्या कडेला स्टूल मागून बसवा. मागितले तर देतात. पलीकडे चिवडा गल्ली आहे, तिथे थांबायला मात्र दहा मिनिटे पुष्कळ झाली.

मूर्तिजापूरची लेक

लोकलची भीती बाळगू नका, फक्त गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करा. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळेत सगळे शहर दक्षिणेकडे कामाला येते आणि संध्याकाळी परत जाते. विदर्भ एक्स्प्रेस तुम्हाला सकाळीच सीएसएमटीला सोडेल, आणि तिथून बाहेर निघणाऱ्या गाड्यांत काकांना बसायला जागा मिळेल. संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र त्याच दिशेने चढण्याचा प्रयत्नही करू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादर पश्चिमेच्या फुलबाजारात जा. झेंडूच्या राशी, शेवंती, हार ओवणाऱ्या बायका आणि डोक्यावर पाट्या घेऊन ‘बाजूला, बाजूला’ ओरडत जाणारे हमाल, असे ते दृश्य आहे. माल पिकवणाऱ्या माणसाला भाव कसा ठरतो हे पाहण्यात जेवढी गोडी वाटते, तेवढी पर्यटकाला वाटत नाही. नऊच्या सुमारास स्थानकाच्या पादचारी पुलावर कठड्याला लागून पाच मिनिटे उभे राहा. मध्ये थांबू नका, लोक चिडतात आणि त्यांचे चुकत नाही. दादरचे फलाट डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांकांचे झाले असून 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे आणि 8 ते 14 मध्य रेल्वेचे आहेत. जुन्या माहितीवर विसंबू नका.

साडेअकराच्या आसपास चर्चगेटबाहेर डबेवाले डब्यांची वाटणी करताना दिसतात. ही व्यवस्था 1890 पासून चालत आली आहे. डब्यावर रंगीत अक्षरे आणि आकडे असतात, त्यांवरून कोणत्या स्थानकाचा, कोणत्या इमारतीचा, कितव्या मजल्याचा डबा हे त्यांना कळते. रविवारी ते नसतात, तेव्हा दिवस पाहून जा.

आई सोबत येत असतील तर त्यांना दुपारी महिलांच्या डब्यात बसवा. मी सात वर्षे त्या डब्यातून प्रवास केला. तिथे मटार सोलले जातात, भाजी निवडली जाते, टिकल्या आणि पिना विकणाऱ्या येतात, हळदीकुंकूसुद्धा होते. तिघींच्या बाकावर चौथी कडेला अर्धी टेकते, तिला ‘चौथी सीट’ म्हणतात. उभी बाई बसलेलीला ‘कुठे उतरणार?’ असे विचारते, आणि उत्तर मिळाले की ती जागा तिच्या नावावर झाली असे सगळ्या मानतात. पहिल्या महिन्यात मला वाटायचे, एवढ्या अनोळखी बायका माझी चौकशी का करतात!

इतवारीकर

या वयात एवढी दगदग कशासाठी? नागपूरच्या इतवारीत आणि सीताबर्डीवर एक दिवस फिरवा, शहर म्हणजे काय ते कळते. शिवाय मुक्काम केला नाही तरी चालतो आणि तर्री पोहे मिळतात.

धुऱ्यावरचा

इतवारीकर भाऊ, नागपूर बाबांनी पुष्कळदा पाहिले आहे. त्यांच्या गाठी तिकडे गेल्या नव्हत्या.

आमचे ठरले. पहिल्या दिवशी कॉटन ग्रीन आणि लालबाग, दुसऱ्या दिवशी दादर आणि चर्चगेट. आईही येते म्हणाली, चौथ्या सीटचे ऐकल्यापासून. मिरची पाहू पण घेणार नाही, घरात भिवापुरी आहे, असेही तिने आताच सांगून ठेवले आहे. बाबा पिशवीत चार फुटलेली बोंडे घेऊन निघणार म्हणतात. ती तिथे कोणाला दाखवणार, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

परळात बारा वर्षे

आणू द्या. माझ्या खानावळीच्या शेजारी एक आजी राहत. त्यांची उभी हयात गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळण्यात गेली होती. मी एकदा गावाहून काडीसकट बोंड नेले, तेव्हा हे झाडाला असे लागते होय, असे म्हणून त्यांनी सगळ्या गॅलरीला ते दाखवून आणले होते.