दुनळीच्या नळीवर गंजाचे ठिपके – काळा रंग न घालवता कसे काढू?

काजूवाला_दोडामार्ग

बारा बोअरची दुनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडील थकले तेव्हा परवाना माझ्या नावावर करून घेतला. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरतात, मग मी मांगरात राखणीला बसतो. गरज पडलीच तर हवेत बार, बाकी नुसता डबा वाजवणं. पण बंदूक रात्रभर दमट हवेत आणि घामट हातात असते.

मध्यंतरी निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा होती. परत आणून खोळीतून काढली तर उजव्या नळीवर, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने, तपकिरी ठिपके. चापाच्या वरच्या भागावर तर बोटांचे ठसेच गंजात उमटलेत. आई म्हणते, खोबरेल लाव, वडील तेच लावायचे. गॅरेजवाला मित्र म्हणतो, पॉलिश पेपर मारून काळा स्प्रे मारू, नवी दिसेल. नळी आतून कशी साफ करायची ते मला येतं. प्रश्न फक्त बाहेरचा आहे: लोखंडाचा आणि दस्त्याचा.

जुना_आर्मोरर (कोल्हापूर)

आधी त्या मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. पॉलिश पेपर बंदुकीजवळही आणायचा नाही.

नळीचा काळा-निळा रंग हा वरून लावलेला रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाचंच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेलं असतं, त्याला ब्लूइंग म्हणतात. हा थर फार पातळ असतो. त्याचं खरं काम तेल धरून ठेवण्याचं, एकट्याने तो गंज अडवत नाही. तेल उडालं की ब्लूइंग असूनही गंज चढतो, आणि पेपर मारला की गंजाबरोबर ब्लूइंगही गेलंच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाजारातलं गंज काढायचं पाणी, सगळी आम्लं. तीही गंज आणि ब्लूइंग यांत भेद करत नाहीत.

आता कामाला लागा. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता वेगळे करा. ठिपक्यांवर हलकं तेल भरपूर लावून रात्रभर ठेवा. गन ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं चालेल. सकाळी जुन्या बनियनच्या चिंदीने पुसा. ताजा गंज बराचसा इथेच निघतो, चिंदी तांबूस होते. राहिलेल्या ठिपक्यांना भोकाचा पैसा. आजीच्या डब्यात असेलच एखादा. तो काशाचा असतो, पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे तेलात बुडवून कडेने हलक्या हाताने खरवडलं तर गंज सुटतो आणि नळीला चरा जात नाही. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी नकोत, ती स्टीलची.

तरीही नाही गेलं तर सर्वांत बारीक लोखंडी लोकर, चार शून्य नंबरची, तीही तेलात भिजवूनच. दाबायचं नाही, फिरवत राहायचं. भांडी घासायची तारेची घासणी वेगळी, तिने सत्यानाश होईल. मधेमधे पुसून बघा. तपकिरी जाऊन खाली काळसर डाग दिसला की थांबा. डाग राहिला तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही. माणसं त्या शेवटच्या डागापायीच ब्लूइंग घालवतात.

पट्टीची कड आणि नक्षी यांना जुना दात घासायचा ब्रश. नंबर कोरलाय तिथे फक्त ब्रश आणि तेल, दुसरं काही नाही. तो नंबर तुमच्या लायसन्सवर आहे, तो पुसट झाला तर आर्म्स ॲक्टखाली उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

खोबरेलाबद्दल वडिलांचा मान राखून सांगतो, नको. खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं, आणि थंडीत पंचविसाच्या खाली पारा गेला की सांध्यात थिजतं.

शेवटी कोरड्या चिंदीने सगळं पुसून तेलाचा अगदी पातळ हात. बोट फिरवलं तर ओशट लागावं, ओघळ दिसू नये. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या पुढच्या टोकात मुरतं, तिथलं लाकूड काळं पडून मऊ होतं. म्हणून साफ केल्यावर पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून, खाली फडकं घालून उभी ठेवा.

आणि ती खोळ! रोग तिथेच आहे. कॅनव्हास असो की चामडं, ओल धरून ठेवतं. खोळ फक्त ने-आण करायला. पुढच्या वेळी जमा करताना जरा सढळ हाताने तेल लावून द्या, कारण तिथे मधे कोणी पुसणार नाही.

काजूवाला_दोडामार्ग

काका, आभार. भोकाचा पैसा आईच्या देव्हाऱ्यात सापडला, परवानगी काढली! घरात डब्ल्यूडी-४० चा डबा आहे, तो चालेल का? आणि दस्त्याचं राहिलं.

जुना_आर्मोरर (कोल्हापूर)

भिजून आलात त्या रात्री जरूर मारा, ओल हुसकून लावायला उत्तम. पण त्याचा थर टिकत नाही. पुसून घेऊन वर गन ऑइल हवंच.

दस्त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच बसला तर वर वार्निश आहे. मग फक्त पुसा आणि फर्निचरचं मेण लावा, तेल आत जाणारच नाही. थेंब मुरून लाकूड काळवंडलं तर तेलाचा दस्ता. त्याला रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल, चार-पाच थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं. उरलेलं पुसून एक दिवस वाळवा, मग पुन्हा. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं म्हणून ते लाकडाला, लोखंडाच्या सांध्यांना नाही. त्या चिंद्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना तापून आपोआप पेटतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

बदकवाला_मिनेसोटा

मी मूळचा साताऱ्याचा, इथे ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीला जातो. आमच्या नव्या बंदुकांवर सेराकोट, म्हणजे सिरॅमिकचा लेप, असतो, पण स्क्रू आणि पिना तेवढ्याच गंजतात. एक भर: थंडीतून उबदार घरात आलं की लोखंडावर दव धरतं. मी बंदूक बंद केसमधून (पेटीतून) लगेच काढतच नाही, घराच्या तापमानाला आली की मग उघडून पुसतो. बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतो, तेच जे संग्रहालयात वापरतात. घामाच्या हाताला तेलापेक्षा टिकतं, लाकडालाही चालतं.

जुना_आर्मोरर (कोल्हापूर)

मेणाला माझी पूर्ण संमती, महाग आहे एवढंच. केसचं मात्र तुमच्या बर्फातलं गणित. दोडामार्गात ओल घरातच असते, तिथे घरी आल्या आल्या केस उघडायची. कुलपाच्या कपाटात सिलिका जेलची पिशवी ठेवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा कामाला येतात.

काजूवाला_दोडामार्ग

ठिपके गेले. ठशांच्या जागी फिकट डाग राहिलाय, तिथे ब्लूइंगच गेलंय बहुतेक. सगळी पुन्हा ब्लू करून घेऊ?

जुना_आर्मोरर (कोल्हापूर)

एवढ्यासाठी नको. आणि कधी करायचीच झाली तर परवानाधारक कारागिराकडेच, आधी विचारून: गरम क्षाराच्या टाकीत बुडवणार का? दुनळीची पट्टी बहुधा कथलाच्या झाळणीने बसवलेली असते, तो उकळता क्षार झाळण खातो आणि पट्टी सुटते. दुनळीला सावकाश गंज चढवून काळं करायची जुनी पद्धतच हवी. ‘हो, टाकीत’ म्हणाला तर नमस्कार करून बंदूक परत आणा.